थर्मासातला तराजू

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराला दोन वये आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत ते ५२ हजार वर्षांचे भरले. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या फ्रेड जूर्दां यांच्या गटाने तिथला, धडकेने वितळून पुन्हा थिजलेला दगड तपासला आणि उत्तर आले ५ लाख ७० हजार, मागेपुढे ४७ हजार. म्हणजे अकरा पटींचा फरक. पहिल्या मोजणीत दगडाने साठवून ठेवलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर काढून मोजली होती, दुसरीत दगडात अडकलेला आर्गॉन वायू. विवर तेच, एसटीने जाता येईल असे, हवा तितका दगड हाताशी. तरी एवढा घोळ.

आता जिथे एसटी जात नाही तिथली गोष्ट. चंद्रावर ‘इना’ नावाची दोन-तीन किलोमीटर पसरलेली एक विचित्र जागा आहे. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी कक्षेतून काढलेल्या छायाचित्रांत ती पहिल्यांदा नजरेत भरली. २०१४ साली एका गटाने तिथला लाव्हा अवघा ३.३ कोटी वर्षांचा असल्याचे मांडले. तसे असेल तर पृथ्वीवरून डायनासोर गेल्यानंतरही चंद्र आतून गरम होता. तीनच वर्षांनी दुसऱ्या गटाने तोच लाव्हा ३५० कोटी वर्षांचा ठरवला. फरक शंभर पटींचा. दोन्ही गटांकडे छायाचित्रे होती, विवरांची मोजदाद होती. दगड मात्र कोणाकडेच नव्हता.

दगड आणायचा तर प्रचंड खर्च. मग प्रयोगशाळाच तिकडे नेता येईल का?

ती प्रयोगशाळा केवढी असते हे पाहायला दिल्लीत जावे. वसंत कुंजच्या अंगाला, जेएनयूच्या शेजारी, अरुणा असफ अली मार्गावर इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर आहे. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने न्यूक्लिअर सायन्स सेंटर या नावाने ते सुरू केले. पुण्याच्या आयुकाची ही थोरली बहीण: कुठल्याही एका विद्यापीठाला न परवडणारे यंत्र एका जागी उभारायचे आणि सगळ्या विद्यापीठांना वापरू द्यायचे, हीच कल्पना दोन्हींमागे. इथले मुख्य यंत्र पेलेट्रॉन, दीड कोटी व्होल्टच्या घरातला विद्युतदाब देणारा त्वरक. त्याची उभी टाकीच २६ मीटरहून उंच आहे आणि तिच्याभोवती बांधलेला मनोरा दुरून पाण्याच्या टाकीसारखा वाटतो. आजूबाजूला अरवलीचा क्वार्टझाइट उघडा पडलेला आहे. दगडांची वये काढणाऱ्या संस्थेला याहून योग्य पत्ता शोधून सापडला नसता.

कारण दगडांची वये काढणे हे गेल्या काही वर्षांत या केंद्राचे मोठे काम झाले आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या मदतीने इथे राष्ट्रीय भूकालमापन सुविधा उभी राहिली. तिच्यात ५०० किलोव्होल्टचा वेगळा, छोटा त्वरक आहे. तो कार्बन-१४, बेरिलियम-१० असे अतिविरळ अणू एकेक करून मोजतो. झिरकॉनच्या केसाएवढ्या जाड कणावर आयनांचा झोत मारून त्याच्या पापुद्र्यातले शिसे आणि युरेनियम मोजणारे यंत्र आहे. आणि या प्रकरणाशी ज्याचे सर्वांत जवळचे नाते आहे ते तिसरे यंत्र: दगडावर लेसरचा अतिसूक्ष्म स्पंद टाकून त्याची वाफ करणारे आणि ती वाफ मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये पाठवणारे.

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे अणूंचा तराजू. गंधकाचा एक अणू दुसऱ्यासारखाच वागतो, त्याच संयुगात बसतो, पण वजनाने वेगळा असू शकतो. बहुतेक गंधक ३२ भाराचे, शंभरातले चारेक अणू ३४ भाराचे. हे एकाच मूलद्रव्याचे समस्थानिक. त्यांचे प्रमाण जागेनुसार आणि काळानुसार किंचित बदलते, आणि त्या किंचितावरच दगडाचे वय आणि कूळ काढता येते. रसायनशास्त्र ज्यांना वेगळे ओळखत नाही अशा अणूंना हा तराजू वेगळे काढतो.

दिल्लीतल्या लेसरच्या यंत्राबरोबर मात्र मोठा संसार येतो. लेसरने उडवलेली दगडाची धूळ आर्गॉन वायूच्या प्रवाहातून एका मशालीत जाते. या मशालीचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. तिथे अणूंचे आयन होतात आणि मग ते तराजूत शिरतात. अशी मशाल मिनिटाला पंधरा-वीस लिटर आर्गॉन पिते. शिवाय पंप, वातानुकूलन, अखंड वीज, आणि रात्री-अपरात्री यंत्र रुसले तर धावत येणारी माणसे. जूर्दां यांनी वापरलेल्या आर्गॉनच्या पद्धतीत तर दगड आधी अणुभट्टीत न्यूट्रॉन खाऊन यावा लागतो. चंद्रावर अणुभट्टी, सिलिंडर आणि तंत्रज्ञ नेणे कोणालाच जमणारे नाही.

म्हणून लहान यंत्र बनवताना पहिला प्रश्न असतो, काय काय काढून टाकता येईल?

खलबत्ता गेला, कारण लेसर स्वतःच दगड फोडतो. आम्लांच्या बाटल्या गेल्या, कारण विरघळवायचे काही नाही. आर्गॉनची मशालही गेली, कारण लेसरचा स्पंद पुरेसा तीव्र असेल तर वाफेबरोबर आयनही तोच बनवतो. आणि सर्वांत अवजड भाग, निर्वात पंप, चंद्रावर निसर्गच फुकट देतो. मंगळावर ही सवलत नाही. तिथली हवा विरळ असली तरी या तराजूला ती दाटच. म्हणून युरोपच्या ‘रोझलिंड फ्रँकलिन’ रोव्हरसाठी बनवलेल्या यंत्रात लेसरचा स्पंद मंगळाच्या हवेतच मारतात आणि क्षणभर उघडणाऱ्या झडपेतून आयन आत ओढून घेतात. युक्ती सुंदर आहे, पण पंप घरूनच न्यावा लागतो.

एवढे सगळे काढल्यावर उरते काय ते स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात दिसते. पीटर वुर्त्स यांच्या गटाने बनवलेल्या लेसर मास स्पेक्ट्रोमीटरची मुख्य नळी १६ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर व्यासाची आहे. शाळेच्या दप्तरात खोचायच्या थर्मासाएवढी. अवकाशातल्या वस्तूंचे वजन करण्याची या विद्यापीठाला जुनी खोड आहे: १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर सौरवारा पकडायला उभारलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा इथल्याच योहानेस गाइस यांचा होता.

या नळीत चालते ते शाळेतल्या पळण्याच्या शर्यतीसारखे. लेसरचा झोत नळीच्या मधोमध असलेल्या भोकातून दगडावर पडतो आणि दहा-पंधरा मायक्रोमीटरचा एक ठिपका पेटतो. निघालेल्या सगळ्या आयनांना सारखीच ऊर्जा मिळते. सारख्या जोराने ढकललेला टेनिसचा चेंडू पुढे निघतो आणि लोखंडी गोळा मागे रेंगाळतो, तसेच इथे. समजा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा धक्का दिला. सिलिकॉनचा आयन सेकंदाला ८३ किलोमीटरने सुटतो, लोखंडाचा ५९ किलोमीटरने. तीस सेंटिमीटरच्या वाटेवर सिलिकॉन ३.६ मायक्रोसेकंदात पोहोचतो, लोखंड ५.१ मध्ये. दीड मायक्रोसेकंदाचा हा फरक तसा ऐसपैस. पण शेजारी-शेजारी असलेल्या भारांमधला फरक नॅनोसेकंदांत मोजावा लागतो.

अडचण अशी की धक्का सगळ्यांना अगदी सारखा कधीच लागत नाही. स्फोटातून निघालेले काही आयन मुळातच घाईत असतात. यावरचा उपाय सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस मामिरिन यांच्या नावाने ओळखला जातो, काळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. नळीच्या टोकाला विद्युतदाबाचा चढ उभा करायचा. घाटात जोरात आलेली गाडी इंजिन बंद केल्यावर जास्त वर चढून मग मागे घरंगळते, हळू आलेली लवकर परत फिरते. तसाच वेगवान आयन चढावर खोल शिरतो आणि परतायला जास्त वेळ घेतो. परतीच्या वाटेवर दोघे बरोबर येऊन पोहोचतात. या ‘आरशा’मुळे नळीची लांबी निम्म्यावर आली आणि नेमकेपणा उलट वाढला. दोन्ही फायदे एकदम देणाऱ्या युक्त्या यंत्रशास्त्रात फार नाहीत.

दुसरी सुधारणा लेसरची. नॅनोसेकंदाचा स्पंद दगडाला तापवतो, आणि तापवणे म्हणजे फोडणी. मोहरी आधी उडते, हळद तळाशीच बसते. तसेच सोडियम, पोटॅशियम यांसारखी चटकन उडणारी मूलद्रव्ये आधी निघून जातात आणि तराजूवर येणारे मिश्रण दगडातल्या मिश्रणासारखे राहत नाही. फेमटोसेकंदाचा स्पंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या दशलक्षांशाच्या मापातला, इतका झटपट संपतो की उष्णता पसरायला सवडच मिळत नाही. सगळे मसाले एकदम उडतात. बर्नच्या गटाने अशा स्पंदांनी दगड थराथराने खरवडून सुमारे १८८ कोटी वर्षांपूर्वीच्या कॅनडातल्या खडकातल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष तपासले, आणि अलीकडे अल्जीरियातल्या जिप्सममधलेही. मंगळावर जिप्सम आहे, म्हणून ही तालीम.

फेमटोसेकंदाचा लेसर मात्र अजून प्रयोगशाळेच्या टेबलावर जागा अडवून बसलेला असतो. थर्मास लहान झाला, चहा उकळायची शेगडी मोठीच राहिली. यानावर न्यायच्या आवृत्त्यांत म्हणून नॅनोसेकंदाचे छोटे लेसर वापरतात आणि फोडणीचा दोष हिशेबात धरतात.

आता या यंत्राच्या नशिबाकडे वळले पाहिजे, कारण ते विलक्षण वाईट आहे.

१९८८ साली सोव्हिएत संघाने मंगळाच्या फोबोस या चंद्राकडे दोन याने पाठवली. बेत धाडसी होता: यान फोबोसच्या पृष्ठभागापासून काही डझन मीटर उंचीवर तरंगेल, खाली लेसर मारेल आणि वर उडून आलेले आयन झेलून त्यांचे वजन करेल. पहिले यान पृथ्वीवरून गेलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे वाटेतच हरवले. दुसरे मंगळापर्यंत पोहोचले, फोबोसची छायाचित्रेही त्याने पाठवली, आणि नेमके जवळ जाण्याच्या बेतात असताना २७ मार्च १९८९ रोजी त्याचा संपर्क तुटला. लेसर डागायचा राहून गेला. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये रशियाने ‘फोबोस-ग्रुंट’ सोडले. त्यावर ‘लाझमा’ नावाचे लहान लेसर मास स्पेक्ट्रोमीटर होते. ते यान पृथ्वीची कक्षाच सोडू शकले नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये खाली कोसळले. त्याचा पुढचा अवतार चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या ‘लुना-२५’ वर बसवला गेला. यांत्रिक हात माती उचलून देणार आणि लेसर ती वाचणार, अशी योजना. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कक्षा बदलताना इंजिन ८४ सेकंदांनी बंद व्हायला हवे होते. ते १२७ सेकंद चालले. लुना-२५ चंद्रावर आदळले.

चार दिवसांनी, २३ ऑगस्टला, चंद्रयान-३ उतरले.

आणि त्याच्या २६ किलोच्या प्रज्ञान रोव्हरवर लेसर होता! तो या मास स्पेक्ट्रोमीटरचा चुलतभाऊ म्हणावा लागेल. बंगळूरच्या इस्रोच्या लिओस प्रयोगशाळेने बनवलेले ‘लिब्ज’ हे यंत्र वीतभर अंतरावरून मातीवर लेसरचा स्पंद टाकते, तिथे क्षणभर ठिणगी पडते आणि त्या ठिणगीचा प्रकाश तपासला जातो. दिवाळीच्या फुलबाजीत रंगावरून धातू ओळखावा तसे. २८ ऑगस्टला इस्रोने जाहीर केले की दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक आहे. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजनही दिसले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या क्ष-किरणांच्या यंत्राने गंधकाला दुजोरा दिला. याच यंत्राने शंभरेक मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी घेतलेल्या नोंदींवरचा संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा निबंध वर्षभराने ‘नेचर’मध्ये आला. चंद्र कधीकाळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या जुन्या कल्पनेला त्याने बळ दिले. चंद्रयान-३ उतरले त्या दिवसाची आठवण म्हणून राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला आणि पहिला सोहळा २०२४ साली दिल्लीत भारत मंडपममध्ये झाला.

गंधक आहे हे ठिणगीने सांगितले. ते गंधक चंद्राचेच की ज्वालामुखीतून आलेले की उल्कांनी आणून टाकलेले, हा प्रश्न त्याच आठवड्यात इस्रोनेच विचारला होता. ठिणगीच्या प्रकाशात ३२ भाराचे आणि ३४ भाराचे गंधक जवळजवळ एकाच रंगात दिसतात. तिथे रंग पाहून भागत नाही, वजनच करावे लागते. याचा अर्थ ‘लिब्ज’ कमी दर्जाचे यंत्र असा नव्हे. ते पोहोचले, चालले आणि बोलले. तीन मोहिमांत एकदाही लक्ष्यावर न डागल्या गेलेल्या श्रेष्ठ यंत्रापेक्षा चाललेले साधे यंत्र केव्हाही जास्त विज्ञान देते, हे मास स्पेक्ट्रोमीटरवाल्यांनाही मान्य करावे लागेल.

भारताकडे वजन करणाऱ्या यंत्रांची परंपरा नाही असेही नाही. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्रयान-१ वरून सुटलेल्या आघातयानावर तिरुवनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेचे ‘चेस’ हे मास स्पेक्ट्रोमीटर होते. चंद्रावर आदळेपर्यंत ते त्याच्या नावापुरत्या वातावरणाचा वास घेत राहिले आणि त्यात पाण्याची वाफ सापडली. पुढे मंगळयानावर ‘मेन्का’ गेले, चंद्रयान-२ वर ‘चेस-२’. पण ही सगळी यंत्रे वायू हुंगणारी. घन दगड चावणारा लेसर बंगळूरला, तराजू तिरुवनंतपुरमला, आणि लेसरने दगड उडवून त्याचे समस्थानिक मोजण्याचा रोजचा सराव दिल्लीला, अशी ही वाटणी आहे. तिघांची गाठ एका थर्मासात बांधायला नवा शोध लावावा लागणार नाही, एकत्र बसावे लागेल. आपल्याकडे ते जास्त कठीण असते.

दिल्लीचा आणखी एक पत्ता या कामात विसरता येत नाही. पुसा संकुलाजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम ठेवलेला आहे, देशातल्या सगळ्या वजनांचा मूळपुरुष. २०१९ च्या मे महिन्यापासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिली नाही, तरी ठोकळा मानाने जपला आहे. इथेच ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने प्रमाण नमुने तयार होतात. मुंबईची सरकारी टांकसाळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या साथीने बनवलेला ९९९.९ शुद्धतेचा सोन्याचा नमुना त्यांपैकीच. सराफाच्या दुकानात कसोटीच्या दगडाशेजारी खात्रीचे सोने ठेवतात, त्याचे हे सरकारी रूप.

लेसर मास स्पेक्ट्रोमीटरला असे खात्रीचे दगड लागतातच. तेवढेच गंधक काळ्या बेसॉल्टमध्ये असले तर वेगळा आकडा येतो, पांढऱ्या अनॉर्थोसाइटमध्ये असले तर वेगळा. दगड प्रकाश किती शोषतो यावर स्फोट ठरतो. म्हणून ओळखीच्या दगडावर आधी यंत्राला बसवावे लागते. मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरने आपल्या लेसरसाठी दहा ओळखीच्या चकत्या अंगावर बांधून नेल्या आहेत. किती काढून टाकता येईल या शर्यतीत ही एक गोष्ट मात्र कोणी काढली नाही.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीत चंद्रयान-४ ला मंजुरी दिली, खर्च २१०४.०६ कोटी रुपये. हे यान चंद्रावरची माती पृथ्वीवर आणणार आहे. माती हातात आल्यावर थर्मासाची गरज उरणार नाही. तिला अरुणा असफ अली मार्गावरच्या यंत्रांच्या जातकुळीची मोठी, सावकाश, आर्गॉन पिणारी यंत्रेच हवीत. पण एक यान एका जागेची माती आणते. इनाला कोण जाणार?

त्यासाठी २०२३ च्या जूनमध्ये नासाने ‘डिंपल’ हा यंत्रसंच निवडला. अमेरिकेतल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटचे स्कॉट अँडरसन यांचा गट इनावर रोव्हर पाठवून दगड उचलणार आणि तिथेच त्याचे वय काढणार. घड्याळ रुबिडियमचे: ८७ भाराचे रुबिडियम फार सावकाश, सुमारे ४९६० कोटी वर्षांत निम्मे, अशा गतीने ८७ भाराच्याच स्ट्रॉन्शियममध्ये बदलते. अडचण वाक्यातच आहे, दोघांचे वजन एकच. हा तराजू त्यांना वेगळे करू शकत नाही. त्यासाठी लागणारा नेमकेपणा थर्मासात मावत नाही. मग युक्ती अशी. एक लेसर दगडाची वाफ करतो. त्या वाफेवर आधी फक्त स्ट्रॉन्शियमलाच भावणाऱ्या रंगांचे लेसर पडतात आणि त्याचेच आयन होतात. मायक्रोसेकंदाच्या अंतराने रुबिडियमच्या रंगांची पाळी येते. रेशनच्या दुकानात एकाच नावाची दोन माणसे आली तर दुकानदार वेगवेगळ्या वेळी हाक मारतो, तसे.

या पद्धतीने पृथ्वीवरच्या दगडांवर आणि उल्कांच्या तुकड्यांवर घेतलेल्या चाचण्यांत वय सुमारे २० कोटी वर्षे इकडेतिकडे होते. दिल्लीच्या प्रयोगशाळेत असा आकडा घेऊन गेले तर दारातूनच परत पाठवतील, आणि लोणारच्या विवरासाठी तर तो निरुपयोगीच आहे. इनासाठी चालेल. तिथे निवड ३.३ कोटी आणि ३५० कोटी यांमधली आहे.